यादीबाहेरचा रेणू

४ फेब्रुवारी २०१५ रोजी मुंबईत एखाद्याच्या खिशात मेफेड्रोनची पुडी सापडली असती, तर अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली त्याच्यावर मेफेड्रोन बाळगल्याचा गुन्हा दाखल करता आला नसता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ५ फेब्रुवारीला, केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि तीच, तेवढ्याच वजनाची पुडी तुरुंगवासाला पात्र ठरली. पुडीतली पूड आणि तिचा मेंदूवर होणारा परिणाम कालच्यासारखाच होता, फक्त एका रसायनाचे नाव एका अनुसूचीत नोंदले गेले होते. ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ या नावांनी ही पूड त्याआधीपासूनच मुंबईत विकली जात होती, आणि तिच्या आहारी गेलेल्या मुलांचे आईवडील पोलिसांकडे गेले, तर या पदार्थाचे नाव कायद्यात नाही, हेच उत्तर त्यांच्या वाट्याला येण्याची शक्यता होती. असे घडू कसे शकते, आणि ते टाळण्यासाठी निरनिराळ्या देशांनी काय करून पाहिले, हे समजून घेण्यासाठी थोडे रसायनशास्त्र आणि थोडा कायदा, दोन्ही लागतात.

आपल्या कायद्याचे पूर्ण नाव ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ असे आहे. नाव वाचून वाटते की मनावर परिणाम करणारा कोणताही पदार्थ त्यात येत असेल. प्रत्यक्षात कलम २ मधली व्याख्या सांगते की अशा पदार्थांच्या यादीत ज्याचे नाव आहे, तोच पदार्थ आणि त्याचे क्षार किंवा त्यापासून केलेली मिश्रणे एवढेच या संज्ञेत मोडतात. यादीत भर घालण्याचा किंवा त्यातून नाव काढण्याचा अधिकार कलम ३ ने केंद्र सरकारला दिला आहे. ही पद्धत आपण एकट्यांनी शोधलेली नाही. १९६१ आणि १९७१ चे संयुक्त राष्ट्रांचे करार, ज्यांवर जगातले बहुतेक अमली पदार्थविरोधी कायदे उभे आहेत, तेही याद्यांचेच करार आहेत.

यादीच्या पद्धतीला नावे ठेवण्याआधी तिच्यामागचे तत्त्व मान्य केले पाहिजे. जे कृत्य केले त्या वेळी गुन्हा नव्हते, त्यासाठी कोणालाही नंतर शिक्षा देता येत नाही, असे आपल्या संविधानाचा अनुच्छेद २० सांगतो. याचाच दुसरा अर्थ असा की काय करणे गुन्हा आहे, हे नागरिकाला आधी कळले पाहिजे. यादी हे काम चोख बजावते. नाव असेल तर गुन्हा, नसेल तर नाही. पोलीस, वकील, न्यायाधीश आणि आरोपी, चौघेही एकच कागद उघडून पाहू शकतात.

अडचण रसायनशास्त्रातून येते. पूर्व आफ्रिका आणि येमेनमध्ये ‘खात’ नावाच्या झुडपाची पाने लोक चघळतात. त्या पानांतल्या उत्तेजक द्रव्याला कॅथिनोन म्हणतात. त्याचा रेणू म्हणजे सहा कार्बन अणूंचे एक कडे आणि त्याला जोडलेली एक छोटी शेपटी, जिच्यावर एका जागी ऑक्सिजन आणि एका जागी नायट्रोजन बसलेला असतो. या सांगाड्यावर ठरावीक ठिकाणी कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट, ज्यांना मिथिल गट म्हणतात, बसवले की मेफेड्रोन होते. त्यातला एक मिथिल गट कड्याच्या चौथ्या जागी असतो. तो तिथून उचलून तिसऱ्या जागी ठेवला, की रसायनशास्त्राच्या दृष्टीने वेगळा पदार्थ तयार होतो. त्याला ३-एमएमसी म्हणतात. मेफेड्रोनवर आधीच बंदी असलेल्या नेदरलँड्सला ऑक्टोबर २०२१ मध्ये या पदार्थासाठी स्वतंत्र बंदी घालावी लागली.

मराठी वाचणाऱ्याला हे वेलांटीवरून चटकन समजेल. शब्दातली पहिली वेलांटी दुसरी केली, तरी वाचणारा बहुतेक वेळा तोच अर्थ लावून पुढे जातो, मात्र शब्दकोशात नेमका तोच शब्द शोधणाऱ्याला तो सापडत नाही. मेंदू त्या पहिल्या वाचकासारखा आहे आणि यादी त्या शब्दकोशासारखी. पण कधी कधी वेलांटीने अर्थच पालटतो, ‘दिन’चा ‘दीन’ होतो. रेणूंच्या बाबतीतही असे घडते, आणि पुढे न्यायालयांना सगळ्यात जास्त छळले ते याच गोष्टीने.

यादी आणि यादी चुकवणारे रेणू यांच्यातला पाठलाग ठळकपणे सुरू झाला तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियामध्ये. १९७९ च्या अखेरीस तिथे ‘चायना व्हाइट’ नावाने विकल्या जाणाऱ्या पुडीमुळे माणसे दगावू लागली. मृत्यूची लक्षणे हेरॉइनच्या अतिसेवनासारखी होती, पण नेहमीच्या चाचण्यांत हेरॉइन सापडत नव्हते. शेवटी उलगडा झाला की तो अल्फा-मिथिलफेंटॅनिल नावाचा पदार्थ आहे. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या फेंटॅनिल या वेदनाशामकाला एक मिथिल गट जोडून तो बनवला होता. फेंटॅनिल मॉर्फिनपेक्षा सुमारे शंभरपट तीव्र असते, त्यामुळे पुडी बांधणाऱ्याच्या हाताची किंचित चूकही जीव घ्यायला पुरेशी होती. सरकारने या पदार्थाचे नाव यादीत घातले, तर बाजारात त्याचे पुढचे भावंड आले. ‘डिझायनर ड्रग’ हा शब्द याच काळातला. तो कॅलिफोर्निया विद्यापीठातले औषधशास्त्रज्ञ गॅरी हेंडरसन यांनी रूढ केला.

त्याच राज्यात १९८२ मध्ये घडलेली घटना याहून विदारक आहे, आणि ‘कायदेशीर पर्याय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीबद्दल कोणी निर्धास्त असेल, तर त्याने ती जरूर वाचावी. ऐन तारुण्यातली काही व्यसनी मुले लाकडासारखी ताठ होऊन रुग्णालयात आली. बोलता येत नव्हते, हलता येत नव्हते. लक्षणे थेट कंपवाताची, म्हणजे म्हातारपणी होणाऱ्या पार्किन्सन आजाराची. सॅन होजे येथील मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन यांनी छडा लावला तेव्हा कळले की पेथिडिन या वेदनाशामकासारखा दुसरा रेणू बनवताना कोणाच्या तरी गुप्त प्रयोगशाळेत चूक झाली होती आणि पुडीत एमपीटीपी नावाची अशुद्धी उतरली होती. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूतल्या पेशी तिने कायमच्या मारल्या. मान्यताप्राप्त औषधावर जनावरांपासून माणसांपर्यंत वर्षानुवर्षे चाचण्या होतात. यादी चुकवण्यासाठी बनवलेल्या रेणूची पहिली चाचणी तो विकत घेणाऱ्याच्या शरीरावर होते.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेने १९८४ मध्ये तातडीने तात्पुरती बंदी घालण्याचा अधिकार यंत्रणेला दिला. पण तीही नावानिशीच बंदी होती. म्हणून ऑक्टोबर १९८६ मध्ये ‘सदृश पदार्थां’चा कायदा आला. त्याची कल्पना धाडसी होती. पदार्थाचे नाव यादीत नसले तरी चालेल. त्याची रचना सर्वांत कडक दोन अनुसूचींतल्या एखाद्या पदार्थाशी ‘लक्षणीयरीत्या मिळतीजुळती’ असेल, त्याचा परिणामही तसाच किंवा त्याहून जास्त असेल, किंवा विकणारा तसा परिणाम होतो असे सांगत असेल, आणि तो माणसाने सेवन करण्यासाठी असेल, तर त्याला सर्वांत कडक अनुसूचीतलाच समजले जाईल. सेवनाची ही अट कायद्यात आहे म्हणूनच पुढे पाकिटांवर ‘मानवी सेवनासाठी नाही’ असे छापून ‘आंघोळीचे क्षार’ किंवा ‘झाडांचे खत’ विकण्याची शक्कल निघाली. छापील ओळीने खरा हेतू लपत नाही, हे न्यायालये ओळखून आहेत, तरी सरकारी पक्षाला तो हेतू पुराव्याने दाखवावाच लागतो.

‘लक्षणीयरीत्या मिळतेजुळते’ म्हणजे किती? रसायनशास्त्रात याचे माप नाही. दोन रेणू किती तापमानाला वितळतात हे अंशांत सांगता येते, ते एकमेकांसारखे आहेत का, हे पाहणाऱ्यावर ठरते. ऑक्सिमॉर्फोन हे अफूवर्गातले तीव्र वेदनाशामक घ्या. त्याच्या नायट्रोजनवरचा एक छोटा मिथिल गट काढून तिथे अ‍ॅलिल नावाचा जरा मोठा गट बसवला की नॅलोक्सोन मिळते. कागदावर दोन्ही आकृत्या सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात. ऑक्सिमॉर्फोन श्वास थांबवू शकते, तर नॅलोक्सोन हा त्याच विषबाधेवरचा उतारा आहे, जो थांबत आलेला श्वास परत सुरू करतो. वेलांटीने अर्थ उलटा झाला, तो असा. म्हणून केवळ रचनेवर भिस्त ठेवणारा कायदा औषधालाही विष ठरवू शकतो, आणि अमेरिकेतल्या न्यायालयांनी रचना व परिणाम या दोन्ही कसोट्या एकत्र लागू केल्या, ते योग्यच केले असे मला वाटते.

तरी प्रश्न सुटला नाही. १९९२ मध्ये कोलोरॅडोमधल्या एका खटल्यात अल्फा-इथिलट्रिप्टामिन हा पदार्थ यादीतल्या डीएमटी या भास घडवणाऱ्या पदार्थासारखा आहे का, असा वाद उभा राहिला. रसायनतज्ज्ञांचेच यावर एकमत होईना. जिथे तज्ज्ञांनाच ठरवता येत नाही, तिथे सामान्य माणसाला आधी कसे कळणार, असे म्हणत न्यायालयाने त्या पदार्थापुरता कायदा अस्पष्ट ठरवला आणि आरोप फेटाळले. एवढे होऊनही कायदा टिकून राहिला, कारण अस्पष्टतेची हरकत बहुतेक खटल्यांत फेटाळली गेली. २०१५ मध्ये मॅकफॅडन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र सरकारवर एक महत्त्वाचे ओझे टाकले. आपण हाताळतो तो पदार्थ कायद्याने नियंत्रित आहे हे आरोपीला माहीत होते, किंवा ज्या गुणांमुळे तो सदृश ठरतो ते गुण तरी त्याला माहीत होते, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. व्याख्येतल्या धूसरपणाची भरपाई अशी आरोपीच्या जाणिवेच्या पुराव्याने करावी लागली. हा मुद्दा लक्षात ठेवावा, भारताच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

ब्रिटनने दुसरी वाट धरली, आणि माझ्या मते ती जास्त प्रामाणिक आहे. तिथल्या १९७१ च्या कायद्यात १९७७ पासूनच काही कुटुंबांच्या व्याख्या आहेत. म्हणजे एकेका रेणूचे नाव न देता मूळ सांगाडा सांगायचा आणि त्याच्या कोणत्या जागी कोणते बदल केले तरी तो पदार्थ बंदीच्या कक्षेत राहील, ते लिहून ठेवायचे. एप्रिल २०१० मध्ये मेफेड्रोनवर बंदी घालताना कॅथिनोनच्या सगळ्या कुटुंबाची अशीच व्याख्या केली गेली. त्यातून बुप्रोपिऑनला नावानिशी वगळले, कारण तेही त्याच सांगाड्याचे असले तरी नैराश्यावर आणि धूम्रपान सोडवण्यासाठी दिले जाणारे औषध आहे. असा कायदा वाचून रसायनशास्त्राच्या पदवीधराला एखादा रेणू आत आहे की बाहेर, हे कागद-पेन्सिल घेऊन सांगता येते. सदृशतेच्या कायद्यात तसे सांगता येत नाही.

अर्थात कुंपण घातले की कुंपणाबाहेरची जागाही दिसते. त्या व्याख्येत एका कड्याचा सांगाडा गृहीत धरला होता. काही आठवड्यांतच दोन जोडकड्यांचे नॅफायरोन बाजारात आले आणि जुलै २०१० मध्ये त्यासाठी व्याख्या वाढवावी लागली. घाईचाही एक धडा याच प्रसंगात आहे. बंदीची मागणी ज्या दोन तरुणांच्या मृत्यूनंतर शिगेला पोहोचली, त्यांच्या शरीरात मेफेड्रोन नव्हतेच, असे बंदीनंतर आलेल्या तपासणी अहवालातून कळले. त्यामुळे मेफेड्रोन निरुपद्रवी ठरत नाही, पण कायदा बातम्यांच्या वेगाने करू नये, एवढे नक्की ठरते.

आयर्लंडने २०१० मध्ये आणि ब्रिटनने २०१६ मध्ये याच्याही पुढे जाऊन, मनावर परिणाम करणारा कोणताही पदार्थ विकणे हाच गुन्हा, असे जाहीर केले. मग दारू, तंबाखू, चहा-कॉफी, अन्न आणि औषधे यांना सूट द्यावी लागली, म्हणजे यादी पुन्हा आलीच, फक्त उलट्या बाजूने. ब्रिटनमध्ये रस्त्यावरची उघड दुकाने बंद झाली, हे या कायद्याचे खरे यश. पण हसवणारा वायू म्हणून ओळखला जाणारा नायट्रस ऑक्साइड त्यात येतो की औषध म्हणून सुटतो, यावर खटले लढले गेले आणि शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये तो वायू जुन्या कायद्याच्या यादीत नावाने घालावा लागला. न्यूझीलंडने २०१३ मध्ये याच्या अगदी उलट प्रयोग केला. जो निर्माता आपला पदार्थ कमी धोक्याचा असल्याचे चाचण्यांनी सिद्ध करील, त्याला परवाना मिळेल, असा तो कायदा होता. वर्षभरातच लोकक्षोभामुळे तात्पुरते परवाने रद्द झाले, जनावरांवरच्या चाचण्यांचा पुरावा वापरण्यावर बंधने आली आणि कायदा कागदावरच राहिला.

यादी करण्याचा अधिकार नक्की कोणाचा, हा प्रश्नही वाटतो तेवढा साधा नाही. १० मार्च २०१५ रोजी आयर्लंडच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की संसदेने पुरेशी मार्गदर्शक तत्त्वे न देता पदार्थांची नावे जोडण्याचा अधिकार सरकारच्या हाती सोपवणे घटनाबाह्य आहे. परिणामी सरकारी आदेशाने यादीत आलेले शंभराच्या आसपास पदार्थ, ज्यांत एक्स्टसी आणि केटामिनही होते, जवळ बाळगणे एका झटक्यात कायदेशीर झाले. संसदेने तातडीने नवा कायदा मंजूर करून दीड-दोन दिवसांत ती फट बुजवली. पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायालयाचा तो निर्णय फिरवला.

कुटुंबाच्या व्याख्येचा सगळ्यात मोठा प्रयोग फेंटॅनिलवर झाला. अमेरिकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये तात्पुरता आणि २०२५ च्या जुलैमध्ये कायमचा असा फेंटॅनिलसदृश पदार्थांचा सगळा वर्गच कडक अनुसूचीत टाकला. चीनने १ मे २०१९ पासून तसेच केले. त्यानंतर फेंटॅनिलची नवी भावंडे कमी झाली, पण त्याच काळात निटाझीन नावाच्या पूर्णपणे वेगळ्या सांगाड्याची तीव्र वेदनाशामके बाजारात पसरू लागली. हे पदार्थ नवे नव्हते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्विस औषधकंपनी सीबाच्या संशोधकांनी ते तयार केले होते, अतितीव्र म्हणून ते कधी औषध झाले नाहीत आणि शोधनिबंधांत पडून राहिले. जुने शोधनिबंध चाळणारा केवळ विद्यार्थीच असतो असे नाही. क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन यांनी मेंदूतल्या ग्राहींचा अभ्यास करण्यासाठी बनवलेला जेडब्ल्यूएच-०१८ हा रेणू असाच उचलला गेला आणि गांजासारखी नशा देणाऱ्या ‘स्पाइस’च्या पाकिटांत जाऊन बसला.

आता भारताकडे पाहू. आपल्या कायद्यात सदृश पदार्थांची तरतूद नाही. मेफेड्रोनची व्यावसायिक मात्रा केवळ ५० ग्रॅम आहे. त्याहून जास्त सापडले तर किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हीरा सिंग निकालानंतर भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचे वजन धरले जाते. व्यावसायिक मात्रेच्या गुन्ह्यात कलम ३७ मुळे जामीन मिळणे अतिशय अवघड असते. कलम ३५ तर न्यायालयाला असे गृहीत धरायला सांगते की आरोपीचा हेतू गुन्हेगारीच होता, आणि तसा तो नव्हता हे आरोपीने वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचे. ज्या देशात जाणिवेचा पुरावा द्यायची जबाबदारी सरकारवर आहे, तिथेही ‘मिळतेजुळते’ हा शब्द अडखळतो. आपल्याकडे तो शब्द जसाच्या तसा आणला, तर औषधकंपनीतला एखादा संशोधक किंवा रसायनांचा छोटा व्यापारी, ज्याला आपला रेणू कशासारखा दिसतो याची कल्पनाही नाही, तो वर्षानुवर्षे जामिनाविना आत राहू शकेल. त्यामुळे अमेरिकेचा नमुना आपण उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण आहे तेच चालू द्यावे, असाही याचा अर्थ नाही, कारण हा विषय आपल्यापासून दूर नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईत दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून आणि दिल्लीतून मिळून १७०० किलोच्या आसपास मेफेड्रोन पकडले गेले. पूर्वी हेरॉइन सीमेपलीकडून येत असे, कोकेन समुद्रापलीकडून. एमडी मात्र आपल्याच औद्योगिक वसाहतींत, आपल्याच रसायनउद्योगातली कौशल्ये आणि कच्चा माल वापरून बनते. इतकी क्षमता दाराशी असताना पुढचा रेणू परदेशातूनच येईल असे धरून चालता येणार नाही. कलम ३ खाली एकेका नावाऐवजी कॅथिनोन, फेंटॅनिल, निटाझीन यांसारख्या कुटुंबांच्या नेमक्या, आकृतीसह दिलेल्या व्याख्या अधिसूचित कराव्यात, औषधांना त्यातून नावानिशी वगळावे, संशोधनासाठी सोपा परवाना ठेवावा आणि दर वर्षी तज्ज्ञांकडून त्या तपासून घ्याव्यात. कलम ३ च्या शब्दांत हे बसत नसेल, तर संसदेकडून ते कलम सुधारून घ्यावे.

आणि या सगळ्याचा भार शेवटी जिथे पडतो, ती जागा म्हणजे न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळा. मेफेड्रोन आणि ३-एमएमसी यांचे रेणू अगदी सारख्याच वजनाचे असतात. पदार्थाचे तुकडे करून वजनावरून ओळख पटवणारे यंत्र या दोघांची जवळजवळ सारखीच खूण दाखवते. फरक खात्रीने सांगायचा तर दोन्हींचे शुद्ध संदर्भनमुने प्रयोगशाळेत असावे लागतात आणि शेजारी ठेवून तुलना करावी लागते. बाजारात काल आलेल्या रेणूचा संदर्भनमुना आज कोणाकडेच नसतो. तो मागवायला परवाना लागतो, पैसे लागतात, महिने जातात, आणि तोपर्यंत आरोपी, मग तो दोषी असो वा निर्दोष, अहवालाची वाट पाहत कोठडीत बसलेला असतो. कायद्याची व्याख्या कितीही चांगली लिहिली, तरी ‘हा पदार्थ त्या व्याख्येत बसतो’ या एका वाक्याखाली सही करायची असते ती तिथल्या विश्लेषकाला, आणि सहीपूर्वी त्याच्या हाती तो नमुना असायला हवा.